वाघ्या राहू दे, मार्चचा हप्ता थांबवा

कराडजवळच्या एका गावातून पत्र आलंय. पत्रलेखक दोन वर्षांपूर्वी एसटीतून ५८व्या वर्षी निवृत्त झाले, आता साठ पूर्ण. मळ्यात घर, दोन एकर ऊस, घरी नवरा-बायको दोघंच, मुलगी लग्न होऊन पुण्याला. विहिरीवरच्या मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली. एकदा १४ हजारांचा फटका, एकदा ११ हजारांचा. म्हणून राखणीला कुत्रा हवा होता. पुण्यातून २२ हजारांना लॅब्रडॉरचं पिल्लू आणलं, विकणाऱ्यानं सांगितलं, 'घर राखायला एक नंबर.' नाव ठेवलं वाघ्या.

गेल्या दिवाळीत केबल तिसऱ्यांदा गेली. वाघ्या भुंकला नाही. शेजारच्या वस्तीवरची गावठी कुत्री भुंकली, म्हणून निदान जाग तरी आली. सकाळी पाहतात तर वाघ्या ओट्यावर शेपूट हलवत बसलाय आणि पुढ्यात चोराची चिखलानं लडबडलेली एक चप्पल.

आता त्यांचे प्रश्न. एक ट्रेनर तीन महिन्यांचे ४० हजार मागतोय, द्यावेत का? की वाघ्या कुणाला तरी देऊन टाकावा आणि ३५ हजारांचा रॉटवायलर आणावा? की वाघ्याचे जातीचे कागद आहेत, तर ब्रीडिंगला देऊन खर्च काढावा? महिन्याचा हिशेब त्यांनी ओळीनं दिलाय: पाकिटातलं खाद्य ३,४००, डॉक्टर आणि लस सरासरी ९००, गोचिडाचं औषध ६००, किरकोळ ६००. एकूण साडेपाच हजार. आणि त्यापुढे एक वाक्य: 'एवढं झेपत नाही, कारण दर मार्चला बँकेतल्या एफडीचे साडेतीन लाख भरावे लागतात.'

एफडीला हप्ता नसतो.

ते वाक्य वाचलं आणि कुत्रा बाजूला ठेवून मी कागदांचे फोटो मागवले. अपेक्षेप्रमाणे ती एफडी नाहीच, विमा पॉलिसी आहे. मार्च २०२४ मध्ये घेतलेली, म्हणजे ग्रॅच्युइटी आणि पीएफ खात्यात जमा झाल्यावर लगेच. खात्यात एकरकमी पैसे आले की बँकेतल्या साहेबांना चहा पाजायची आठवण कशी होते, हे या सदराच्या वाचकांना नव्यानं सांगायला नको.

पत्र लिहिणारे साहेब, आता थेट तुमच्याशी बोलतो.

तुमची पॉलिसी अशी आहे. दहा वर्षं दरवर्षी साडेतीन लाख भरायचे, म्हणजे ३५ लाख. मग दोन वर्षं काहीच नाही. त्यानंतर दहा वर्षं दरवर्षी साडेसहा लाख मिळणार, म्हणजे ६५ लाख. बँकेतल्या अधिकाऱ्यानं पैसे भरायच्या स्लिपच्या मागे निळ्या पेनानं '३५ चे ६५, गॅरंटीड, एफडीपेक्षा भारी' असं लिहून दिलंय. आकडे खरे आहेत, 'भारी' तेवढं खोटं. पैसे कधी जातात आणि कधी येतात ते धरून हिशेब केला, तर परतावा वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपास बसतो. त्याच काउंटरवर, त्याच माणसासमोर बसून तुम्ही साधी ठेव केली असती, तर सात टक्क्यांच्या आसपास मिळाले असते आणि पैसे हाताशी राहिले असते.

पण कमी परतावा ही तुमची खरी अडचण नाही. ती मी एखाद्या नोकरदाराला समजावत बसलो असतो. तुमची अडचण याहून साधी आहे. तुमच्याकडे उरलेली ठेव १८ लाख. तिचं व्याज वर्षाला सव्वा लाख. एसटीवाल्यांना सरकारी पेन्शन नाही, पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची (ईपीएस) तुम्हाला महिना ३,२०० येते, ती वर्षाची ३८ हजार. ऊस खर्च वजा जाता सव्वा लाख देतो. सगळं मिळून २ लाख ९० हजार. घरखर्च महिना १९ हजार आणि वाघ्याचे साडेपाच हजार धरले, तर हे सगळं जिथल्या तिथे संपतं. वर्षाचं उत्पन्न २ लाख ९० हजार आणि वर्षाचा हप्ता ३ लाख ५० हजार! हे गणित चौथीतल्या पोरासमोर ठेवलं, तरी ते विचारेल की उरलेले कुठून आणणार?

ठेव मोडून. अजून आठ हप्ते बाकी आहेत, म्हणजे २८ लाख. ठेव १८. पाच हप्त्यांत ती संपते आणि दर हप्त्यागणिक व्याज घटत जातं ते धरलं, तर त्याआधीच. तेव्हा तुम्ही ६४ वर्षांचे असाल. पॉलिसीचा पहिला पैसा मिळणार ७०व्या वर्षी, तोही सगळे हप्ते भरले असतील तर. मधल्या सहा वर्षांत खायचं काय, हे स्लिपच्या मागे लिहिलेलं नाही.

तेव्हा तिसरा हप्ता भरू नका. 'आता सात लाख अडकलेत, सोडले तर बुडतील' असं तुम्ही म्हणणार, सगळेच म्हणतात. अडकलेले सात लाख सोडवायला आणखी २८ लाख अडकवायचे?

हप्ता थांबवल्यावर दोन वाटा आहेत. एक म्हणजे सरेंडर, पॉलिसी मोडून मिळतील ते पैसे घेणं. ऑक्टोबर २०२४ पासून पॉलिसी मोडणाऱ्याला जास्त पैसे देणारे नियम आले, पण तुमची पॉलिसी त्याआधीची, तिला जुना नियम लागू. दोन हप्त्यांनंतर भरलेल्या रकमेच्या किमान ३० ते ३५ टक्के. म्हणजे सात लाखांतले दोन-अडीच लाख हातात, साडेचार लाखांवर पाणी. दुसरी वाट म्हणजे पेड-अप. पुढे काही भरायचं नाही, पॉलिसी लहान होऊन चालू राहते. दहापैकी दोन हप्ते भरलेत, म्हणून साधारण पाचवा हिस्सा फायदा: साडेसहा लाखांऐवजी १ लाख ३० हजार, ७०व्या वर्षापासून दहा वर्षं. विम्याचं छत्रही पाचव्या हिश्श्यावर येतं.

कागदावर पेड-अप बरी दिसते. सरेंडरचे अडीच लाख आज सात टक्क्यांनी ठेवून ७० ते ७९ वयात वाटून घेतले, तर वर्षाला साधारण ६५ हजार येतील. पेड-अपमध्ये त्याच्या दुप्पट. पण काही पॉलिसींत पेड-अप केल्यावर फायदा सरळ पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त कापतात. म्हणून कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केलं तर किती, पेड-अप केलं तर कोणत्या वर्षी किती. बँकेतल्या अधिकाऱ्याकडून नाही, विमा कंपनीकडून. फोनवर सांगितलेला आकडा धरू नका. पेड-अपचा आकडा लाख-सव्वा लाखाच्या घरात आला, तर पेड-अप करा आणि विसरून जा.

त्याच दिवशी दुसरा अर्ज लिहायचा, तक्रारीचा. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. मजकूर दोन परिच्छेदांचा पुरे: मला ही एफडी म्हणून विकली, माझं उत्पन्न इतकं असताना हप्ता इतका लावला, पूर्ण पैसे परत हवेत. सोबत त्या स्लिपची झेरॉक्स. मूळ स्लिप कपाटात ठेवा, वाघ्याच्या जातीच्या कागदांपेक्षा तिची किंमत जास्त आहे. आणि पॉलिसीसोबत आलेल्या प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विम्याच्या अर्जाची, प्रत नीट वाचा. तुमचं वार्षिक उत्पन्न तिथे काय लिहिलंय? मी पाहिलं. 'रु. १२,००,०००, व्यवसाय: शेती.' ते अक्षर तुमचं नाही, सही तुमची आहे. दोन एकर उसावर बारा लाख! खरं उत्पन्न लिहिलं असतं, तर एवढा मोठा हप्ता कंपनीच्या छाननीत अडकला असता, म्हणून ते वाढवून लिहिलं. तुमच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा हाच. दोन वर्षांची बँक पासबुकं आणि उसाची बिलं जोडा.

कंपनीनं नाही म्हटलं किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपाल. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं. सात लाख नक्की परत मिळतील असं मी म्हणणार नाही. कंपनी 'तुम्ही फोनवर सगळं समजलं म्हणालात' याचं रेकॉर्डिंग काढेल. तो फोन तुम्हाला आठवत असेल: सगळ्याला 'हो' म्हणा, असं आधी सांगून ठेवलं होतं ना? तेही अर्जात लिहा.

ठेवीचं बघू. साठ पूर्ण झालेत, तेव्हा १८ पैकी १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. पोस्टात किंवा बँकेत, कुठेही. सध्याचा दर ८.२ टक्के, तीन महिन्यांनी व्याज खात्यात: ३०,७५०. एकदा टाकले की पाच वर्षं तोच दर. तीन लाख ठेवीत राहू द्यात, अडीअडचणीला. अशानं व्याज महिन्याला दीडेक हजारांनी वाढतं. ठेव मुदतीआधी मोडताना किती कापतात ते विचारून घ्या, मुदत जवळ असेल तर तेवढं थांबा.

आणि एक. वाघ्याच्या रेबीजच्या लसीची तारीख तुम्ही दिलीय. वहिनींच्या आरोग्य विम्याचा पत्रात कुठेच उल्लेख नाही. नसेल तर या महिन्यात काढा. आता वाचलेल्या साडेतीन लाखांतून तो सहज भरून होईल.

आता वाघ्या. कुत्र्यांतलं मला फार कळतं असा दावा नाही, पण बंदुकीनं पाडलेला पक्षी दात न लावता मालकाला आणून देणं, यासाठी लॅब्रडॉर घडवलाय. चोराची चप्पल आणून दिली, म्हणजे त्यानं काम चोख केलं. तुम्हाला राखणीचा कुत्रा म्हणून तो विकला, ही चूक विकणाऱ्याची. पोलीस याच जातीला श्वानपथकात घेतात, पण वास काढायला. ४० हजार देऊन त्याला माणसांवर चिडायला शिकवता येईल असं ज्या ट्रेनरला वाटतं, त्याच्यापासून लांब राहा.

ब्रीडिंगचं स्वप्न सोडा. तालुक्याच्या गावात गल्लीगणिक लॅब्रडॉरचा नर आहे, मादीवाले तुमच्या मळ्यापर्यंत का येतील? पिल्लांचा धंदा करायचा तर २०१७च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ती करणाऱ्यांचं काय चाललंय ते एकदा विचारून बघा.

रॉटवायलर तर अजिबात नको. डिसेंबरपासून तुमच्या शिवारात ऊसतोड टोळ्या येतात, त्यांची लहान पोरं बांधावरून हिंडतात. त्यातल्या एकाला कुत्र्यानं फोडलं, तर दवाखान्याचा खर्च तुमचा आणि वर भारतीय न्याय संहितेचं २९१ कलम: प्राण्याबाबत निष्काळजीपणा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं ज्या २३ जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं, त्यात रॉटवायलर होता. कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं, पण उद्या नियम पुन्हा बदलले की ३५ हजारांचं कुत्रं दाराशी बांधून तुम्ही तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढणार का?

मुळात विहीर घरापासून दोन-अडीचशे मीटर लांब. कुठलाही कुत्रा ओट्यावरून तिथली केबल राखणार नाही. चोराला तांबं हवं असतं. ॲल्युमिनियमची केबल टाका, पाइपमधून जमिनीखालून न्या, स्टार्टरची पेटी कुलूप लागणारी करा. भुंकायला शेजारच्या वस्तीवरचं एखादं गावठी पिल्लू मागून आणा, ते फुकट मिळतं आणि वाघ्याला सोबतही होईल.

वाघ्या ठेवा. तुम्ही लिहिलंय, 'हिला त्याच्याशिवाय करमत नाही.' मुलगी पुण्याला गेल्यापासून घरात दोघंच आहात, ते मी समजू शकतो. पण हा खर्च आता घर राखण्याच्या खात्यात लिहू नका, हौसेच्या खात्यात लिहा आणि त्याला मर्यादा घाला. डॉक्टरांना विचारून पाकिटाचं खाद्य निम्म्यावर आणा. बाकी भात, भाकरी, अंडी, उकडलेलं चिकन. कांदा-लसणाचं कालवण नको, ते कुत्र्यांना बाधतं, आणि वजन वाढू देऊ नका, या जातीची कंबर आधी जाते. महिना चार-सव्वाचार हजारांत बसेल. पुढची दहा वर्षं धरली, तर पाच लाखांच्या आसपास. मोठी रक्कम आहे, पण तुमच्या दीड हप्त्याहून जास्त नाही.

वाघ्या दुसऱ्याला द्यायचाच झाला, तर ओळखीच्या घरी द्या, घर बघून द्या. घाटात नेऊन सोडणारे असतात. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड जास्तीत जास्त ५० रुपये आहे, म्हणून लोक घाबरत नाहीत, एवढंच.

जाता जाता, एक काम आजच करा. हप्ता तुमच्या बचत खात्यातून आपोआप कापला जातो. बँकेत जाऊन तो आदेश लेखी रद्द करा, पोच घ्या, आणि मार्चभर त्या खात्यात गरजेपुरते पैसे ठेवा. रद्द करायला गेलात की तोच अधिकारी खुर्ची पुढे सरकवेल, हळहळ व्यक्त करेल आणि 'झालेला तोटा भरून काढणारी' नवी योजना दाखवेल. त्या कागदावर सही करू नका.