'इतादाकिमास'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: जपानी मालिकांत जेवायला बसलेली माणसं हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात. खाली उपशीर्षकात कधी 'चला, जेवूया' असं येतं, तर कधी नुसतं 'धन्यवाद'. यातलं बरोबर कुठलं? आणि हे म्हणजे त्यांचं 'वदनि कवळ घेता' समजायचं का?

'चला, जेवूया' हे तर सपशेल चूक. एकटा माणूस स्वयंपाकघरात उभ्याउभ्या नूडल खातानाही 'इतादाकिमास' म्हणतो. तो कुणाला 'चला' म्हणणार? 'धन्यवाद' जरा जवळ येतं, पण त्यात शब्दाचा जीव हरवतो.

मूळ क्रियापद 'इतादाकु'. त्याचा जुना अर्थ डोक्यावर धारण करणे. 'इतादाकी' म्हणजे डोंगराचं शिखर, आणि माथ्यावर बर्फ असलेल्या फुजीचं वर्णन करताना आजही हेच क्रियापद येतं. वरिष्ठाने दिलेली वस्तू दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून घ्यायची, ही त्यामागची कृती. त्यातून 'नम्रपणे घेणे' आणि पुढे 'खाणे-पिणे' हे अर्थ आले. देवळातून आणलेला प्रसाद आपण कपाळाला लावून मगच तोंडात टाकतो ना, तसंच. 'शिरोधार्य', 'शिरसावंद्य' हे आपले शब्द त्याच हालचालीतून आलेत, फक्त ते आपण आज्ञेपुरते ठेवले, अन्नाकडे नेले नाहीत.

आता 'वदनि कवळ'चं. त्यात देवाचं नाव आहे, उपदेश आहे, चार चरण आहेत. 'इतादाकिमास' हे नुसतं एक क्रियापद. घेतो, कोणाकडून ते सांगितलेलं नाही. 'ज्या जिवांचा प्राण गेला त्यांच्याकडून' असा अर्थ हल्ली आवर्जून सांगतात. छान आहे, पण तो शब्दात नाही, शब्दावर चढवलेला आहे. दुकानात वस्तू पसंत पडली की 'हे घेतो' म्हणतानाही हेच क्रियापद वापरतात.

माझं मत विचाराल तर उपशीर्षकात 'इतादाकिमास'च ठेवावं. दुसऱ्या भागापर्यंत प्रेक्षकाला कळतंच.

याचा जोडीदार मात्र मराठीत अलगद उतरतो. जेवण झाल्यावर म्हणतात, 'गोचिसोसामा देशिता'. 'चिसो' लिहायच्या दोन चिनी चित्राक्षरांत एक घोडदौडीचं, दुसरं धावण्याचं. पाहुण्यासाठी सामान जमवायला यजमानाने केलेली धावपळ, आणि तिला पुढे-मागे आदराचे प्रत्यय. रामेनच्या, म्हणजे रस्सेदार नूडलच्या, दुकानात गिऱ्हाईक रिकामा वाडगा उचलून वरच्या फळीवर ठेवतं, दारावरचा कापडी पडदा सारता सारता आचाऱ्याला 'गोचिसोसामा' म्हणतं आणि बाहेर पडतं. बिल दुसऱ्याने दिलं तर त्यालाही हेच. 'अन्नदाता सुखी भव' म्हणण्याची जागा नेमकी ही.

यजमानाची भाषा तर आपल्या आजीची वाटेल. ताटं मांडून झाल्यावर म्हणणार, 'नानीमो आरिमासेन गा', म्हणजे 'काही नाहीये, पण...'. पाहुण्याने 'गोचिसोसामा' म्हटलं की उत्तर 'ओसोमात्सुसामा', साधंसुधंच होतं हो. मीठभाकर गोड मानून घ्या, दुसरं काय!

एक गंमत राहिली. रोजचा 'खाणे' हा शब्द 'ताबेरु'. तोही मुळात नम्र शब्दच, वरिष्ठाकडून मिळालेलं खाणे. वापरून वापरून नम्रता झिजली आणि तो सरसकट सगळ्यांचा झाला. त्याआधीचा 'कुउ' आता रांगडा वाटतो, आपल्या 'हादडणे' इतका नसला तरी त्या बाजूचा. पाहुण्याला जेवा म्हणताना यांपैकी एकही चालत नाही. तिथे 'मेशिआगारु' हे आदरार्थी क्रियापद लागतं. म्हणजे यजमान एका क्रियापदाने वाढतो, पाहुणा दुसऱ्याने जेवतो. 'मी इतादाकु करतो, तुम्ही मेशिआगारु करा' हे उलटं झालं तर स्वतःलाच 'आपण जेवावं' म्हटल्यासारखं होतं.

चिनीत असं काही आहे का, असंही विचारलं आहे. 'इतादाकिमास'सारखं ठरलेलं वाक्य नाही. अनेक घरांत लहानांनी मोठ्यांना नावाने नाही तर नात्याने हाक मारायची, 'आजी, जेवायला', आणि आजीने जेवायच्या काड्या उचलल्यावर आपण उचलायच्या. पाहुणा आला की टेबल भरलेलं असताना यजमान म्हणणार 'मेइ शन्म त्साय', काही खास नाही. ज्याचं आधी आटोपतं तो उठताना म्हणतो, माझं झालं, तुम्ही 'मान युंग'. 'मान' म्हणजे सावकाश, 'युंग' म्हणजे घ्या. हॉटेलातला वाढपीही बशी ठेवून तेच म्हणतो. इंग्रजीतून भाषांतर करणारे इथे 'जेवणाचा आनंद घ्या' असं काहीतरी लिहून ठेवतात. पंगतीत फिरणारा आपला यजमान 'मंडळी, सावकाश होऊ द्या' म्हणतो, तेच बिनदिक्कत लिहावं.