जेम्स बाँड: कुठून सुरुवात करू?

सगळे २५ चित्रपट १९६२ पासून ओळीने पाहायचे का, असं विचारलंय. नको. माझ्या भाचीने विरार लोकलमध्ये मोबाइलवर पहिलाच, 'डॉ. नो', लावला आणि बोरिवली यायच्या आत बंद केला.

२००६ च्या 'कसिनो रोयाल'पासून सुरुवात करा. त्यात बाँड नुकताच डबल-ओ एजंट, म्हणजे मारण्याचा परवाना असलेला गुप्तहेर, झालेला असतो, सुरुवातीचा प्रसंग कृष्णधवल आहे, काय सुंदर जमलाय! यात बाँड झालेल्या डॅनियल क्रेगचे पाचही क्रमानेच पाहा, कारण गोष्ट पुढे सरकत जाते. 'क्वांटम ऑफ सोलेस' तर आधीचा संपतो तिथूनच सुरू होतो.

जुने बहुतेक स्वतंत्र आहेत, कसेही पाहा. पण शॉन कॉनरीचा 'गोल्डफिंगर' आधी. आणि 'ऑक्टोपसी' उदयपूरसाठी तरी बघाच.