कट्यार आणि जंबिया एकच का? परभणीतल्या आमच्या वाड्यात आडव्या मुठीचं एक हत्यार सापडलंय.

आडवी मूठ म्हणताय, म्हणजे कट्यारच. दोन समांतर दांड्यांमधली आडवी मूठ धरली की पातं थेट मनगटाच्या रेषेत येतं. त्यामुळं ती ठोसा मारल्यासारखी खुपसायची. सपासप वार करायला तलवार होतीच. बऱ्याच कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, साखळी चिलखताच्या कड्या फाकवायला. तुमच्या कट्यारीचं टोक तेवढं बघा. दक्षिणेतल्या जुन्या कट्यारींना हाताच्या पाठीवर पानाच्या आकाराची ढाल असे. युरोपातल्या तलवारींची पाती कापून बसवलेल्या कट्यारीही संग्रहालयांत आहेत, तेव्हा पात्यावर परदेशी खूण दिसली तर दचकू नका.

जंबिया अरबस्तानातला: वाकडं दुधारी पातं, मधोमध उठावदार कणा, साधी उभी मूठ. आपल्या मुलखात तो निजामाच्या चाकरीतल्या अरब शिपायांच्या कमरेला असायचा. हे अरब बहुतेक येमेनमधल्या हद्रमौतचे.

घासूनपुसून चकचकीत करू नका, जुनेपणाची छटा जाईल. आणि पातं ९ इंचांपेक्षा लांब असेल तर शस्त्र कायद्याचं आधी विचारून घ्या. शेतीच्या, घरकामाच्या हत्यारांना त्यातून सूट आहे, म्हणून ऊसतोडीचा कोयता चालतो. कट्यारीला ती सबब नाही.