माया आहे, अहवाल लिहिता येतो का?

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार वडिलांचं पत्र आलंय. थोडक्यात असं : थोरली मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय मानसशास्त्र. भावकीतल्याच एका दहावीतल्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा हिनं १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकाला फोन केला. ग्रामसेवक आणि पोलीस आले, लग्न थांबलं. आता निम्मी भावकी बोलत नाही आणि मुलगी म्हणते, मला मुलांच्या हक्कांचंच काम करायचंय. वडील विचारतात, "यात पोट भरतं का? की सरळ वकील करू? आणि एवढं वैर घेऊन तिची सोयरीक कुठं जमवायची?" जाता जाता एक वाक्य लिहिलंय : "तिनं त्याच रात्री मुलीच्या नावासकट स्टेटस ठेवला, त्यावरनं सगळ्यांना कळलं."

दादा, मी त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यापासूनच सुरुवात करते. १०९८वर फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. भावकीला कळलं ते फोनमुळं नाही, स्टेटसमुळं. त्याहून वाईट म्हणजे त्या मुलीचं नाव गावभर झालं. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टेटस चोवीस तासांत जातो, स्क्रीनशॉट राहतो. तुम्ही रागावू नका, पण तिला हे वाचायला द्या. फोन करायची हिंमत तिच्यात आहे, ती शिकवून येत नाही. गप्प राहणं मात्र शिकावं लागेल, आणि या कामात ते रोज लागतं.

आता कामाबद्दल. माझ्याकडं येणारी बहुतेक मुलं सांगतात, "मॅडम, मला लहान मुलं खूप आवडतात." आवडू देत की. पण तेवढ्यावर अंगणवाडीत एक दिवससुद्धा निघत नाही. बालहक्काचं काम प्रत्यक्षात कागदाचं आणि पाठपुराव्याचं आहे. लग्न थांबलं ती बातमी झाली. काम त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं. लग्नाच्या उंबरठ्यावरची मुलगी कायद्यानं 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरते आणि तिला बाल कल्याण समितीपुढं उभं करतात. समिती गृहचौकशी मागवते. तो अहवाल पंधरा दिवसांत यावा लागतो, म्हणजे चार महिन्यांच्या आत समितीला अंतिम आदेश देता येतो. तो अहवाल कोण लिहितं? तुमच्या लेकीसारखीच कुणीतरी. घरात खाणारी तोंडं किती, बापावर सोसायटीचं कर्ज आहे का, आई बोलते की नुसती मान हलवते, मुलगी एकटी असताना काय म्हणाली आणि आईसमोर काय म्हणाली. "मुलीची परिस्थिती हलाखीची आहे" असं एक वाक्य खरडून दिलं, तर समितीच्या हाती काहीच लागत नाही. दोन पानं नीट लिहिली, तर त्यावर एका पोरीचं पुढचं वर्ष ठरतं.

मग पालक लग्न न लावण्याचं हमीपत्र देतात, मुलगी घरी येते, आणि खरी परीक्षा तिथं असते. दर महिन्याला कोण जाऊन बघणार? शाळा सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायला कोण धावणार? वडील नसतील तर बालसंगोपन योजनेचे महिन्याचे २,२५० रुपये मिळवून द्यायला उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, बँक पासबुक कोण गोळा करणार? मी ज्यांना या कामात टिकलेलं बघितलंय, ती सगळी माणसं चिकाटीनं सहाव्यांदा त्याच टेबलापुढं जाऊन उभी राहणारी आहेत. भाषणं करणारी लवकर दमतात.

आपल्या भागात कामाला तोटा नाही, हे तुम्ही बागायतदार म्हणून माझ्यापेक्षा जास्त जाणता. गळीत हंगामात सांगली-साताऱ्याच्या उसाच्या फडांवर बीडकडनं टोळ्या येतात, त्यांची पोरं कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहतात. शिक्षणहक्क कायदा २००९चा आहे, दाखला नसला तरी शाळेनं घ्यायलाच हवं. पण कुणी हात धरून शाळेपर्यंत नेलं तर. वीटभट्ट्या आहेत, जतचा सीमाभाग आहे, खानापूर-आटपाडीकडची गलाईवाल्यांची, म्हणजे सोनं-चांदी गाळायला परमुलखात गेलेल्यांची घरं आहेत, जिथं बाप वर्षातनं एकदा गावी येतो.

पैशाचं उघड बोलू. जिल्ह्यात हे काम जिल्हा बाल संरक्षण कक्षातून चालतं. केंद्राच्या मिशन वात्सल्यच्या मार्गदर्शक सूचनांत महिन्याचं मानधन ठरवून दिलंय : क्षेत्र कार्यकर्त्याला १०,५९२ रुपये, सामाजिक कार्यकर्ता आणि समुपदेशकाला १८,५३६, संरक्षण अधिकारी आणि कायदा तथा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याला २७,८०४, जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याला ४४,०२३. ही पदं बहुतेक कंत्राटी असतात. कायम नोकरी हवी तर एमपीएससीतून बालविकास प्रकल्प अधिकारी किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, नाहीतर महिला व बालविकास विभागाची परिविक्षा अधिकाऱ्यांची भरती. जागा थोड्या, उमेदवार भरपूर. म्हणून मी सांगते, कंत्राटी कामाचा अनुभव घेत घेत परीक्षा द्यावी. नुसतं घरी बसून अभ्यास करू नये. एप्रिलची खरड छाटणी केली म्हणून मे महिन्यात घड कुणी मागत नाही, तसंच पहिल्या चार वर्षांच्या पगारावरनं या वाटेचा हिशेब करू नका.

वकिलीचं म्हणाल तर ती चांगली वाट आहे, पण तुम्हाला वाटते तशी 'सरळ' नाही. पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी., त्याला सीईटी. सांगलीत न्यू लॉ कॉलेज आणि एन. एस. सोटी लॉ कॉलेज आहे, साताऱ्यात इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज. पुढं सनद, बार कौन्सिलची परीक्षा आणि एखाद्या सीनियरकडं उमेदवारीची वर्षं, ज्यात एसटीचा पास निघाला तरी पुष्कळ. जिल्हा कोर्टात केवळ मुलांच्या केसेसवर चूल पेटत नाही, बाकीची कामं घ्यावीच लागतात. पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा खटला सरकारी वकील चालवतात. कुटुंबाचा वकील कलम ४० खाली त्यांना मदत करू शकतो. त्यासाठीचा विशेष सरकारी वकील व्हायला सात वर्षांची वकिली हवी. तरीही वकील असण्याचा एक मोठा उपयोग आहे : कोर्टात पोराला आरोपीसमोर आणता येत नाही, उलटतपासणीत दरडावता येत नाही, मध्ये मध्ये विश्रांती द्यावी लागते. हे सगळं पोक्सोच्या २०१२च्या कायद्यात लिहिलेलंय, पण उठून आठवण करून देणारं कुणीतरी लागतं.

तुमच्या मुलीसाठी माझं मत स्पष्ट आहे : आधी एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. मानसशास्त्राची पदवी तिथं कामाला येते. साताऱ्याजवळ जकातवाडीला यशवंतराव चव्हाण स्कूल ऑफ सोशल वर्क आहे, कोल्हापूरला सायबर (CSIBER) ही संस्था, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था. गुण आणि तयारी असेल तर मुंबईचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), तिथं सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. या अभ्यासक्रमात वर्गापेक्षा क्षेत्रकार्यानं माणूस तयार होतो, म्हणून कॉलेज निवडताना इमारत बघू नका, विद्यार्थ्यांना कुठल्या संस्थांत पाठवतात ते विचारा. कायदा नंतरही करता येतो, त्याला वयाची अट नाही. पस्तिशी आणि मुलांच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव झाला की ती स्वतः बाल कल्याण समितीची सदस्य व्हायला अर्ज करू शकते, आणि त्या समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. एकच अपवाद : त्या दिवशी मुलीशी बोलण्यापेक्षा ग्रामसेवकाशी कायद्यावरनं हुज्जत घालताना ती जास्त खुलली असेल, तर मग तिला कायद्यालाच घाला. हे तिला विचारा, ती खरं सांगेल.

सोयरिकीचं काय सांगू? ज्या घराला एका अल्पवयीन पोरीचं लग्न मोडल्याचा राग येतो, त्या घरात तुमची लेक द्यायचीच कशाला? हां, भावकीचा अबोला त्रासदायक असतो, मला कळतं. तो एकट्या तिनं झेलू नये. पारावर चार माणसांत तुम्ही एकदा म्हणालात की पोरीनं केलं ते बरोबर केलं, तर निम्मं वातावरण निवळेल. आणि नोकरी लागली की शक्यतो स्वतःच्या गावात काम घेऊ नये. नात्यात गृहचौकशी करताच येत नाही.

प्रवेशाला वेळ आहे. तोवर तिला दोन गोष्टी करू द्या. तासगावच्या तालुका विधी सेवा समितीत जाऊन विधी स्वयंसेवक म्हणून नाव देता येतं का, ते विचारावं. मुलांना तिथं उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, हे ती आतून बघेल. दुसरं, ग्रामपंचायतीत ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी, अध्यक्ष सरपंच. शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्तात काय लिहिलंय, त्यात गावातली मुलं प्रतिनिधी म्हणून आहेत का, हे बघून तिनं दोन पानं लिहावीत. नावं न घालता. निकाल लागला की गुणपत्रिका आणि ती दोन पानं घेऊन सांगलीला या. बागेचं काम असेल तर तुम्ही नाही आलात तरी चालेल, तिला पाठवा.