पहिली एकचाकी सायकल घेताना

चाक २० इंचीच घे, २४ इंचीचा मोह आत्ता नको. सीट बेंबीपर्यंत यावी. पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. आणि हे दुकानातच बघ: 'एल' लिहिलेला क्रँक, म्हणजे पेडल चाकाला जोडणारा दांडा, डावीकडेच हवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. बाजू बदलली की चालवताना पेडल सैल होतं, क्रँकचे आटे कायमचे जातात.

शिकायला आपल्या बेळगावची तांबडी माती नको, पावसाळ्यात तर नकोच, चाक रुततं. सिमेंटचं अंगण आणि धरायला कठडा शोध. एक पेडल मागे, जरा खाली ठेवून त्यावर पाय दे; चाक मागे सरकून तुझ्या खाली येईल. सगळा भार सीटवर टाक, पायांवर उभा राहिलास तर मांड्या लगेच भरून येतात. नजर लांब ठेव. रोज अर्धा तास पुरे.