देशात डेंग्यू किंवा टीबी वाढतोय की घटतोय, हे सरकारला कळतं कसं?

डेंग्यूसारख्या साथींसाठी मुख्यतः एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमातून, म्हणजे आयडीएसपीतून. तो 2004 मध्ये सुरू झाला. नोंद तीन ठिकाणांहून येते. गावपातळीवर एएनएम (आरोग्यसेविका) किंवा आरोग्यसेवक फक्त लक्षणं लिहितात (ताप, जुलाब, कावीळ), तो 'एस' फॉर्म. डॉक्टरांचं प्राथमिक निदान 'पी' मध्ये आणि लॅबने पक्कं केलेलं 'एल' मध्ये. पूर्वी हे कागद आठवड्याला वर सरकायचे; 2021 पासून आयएचआयपी या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर रोजच्या रोज नोंद होणं अपेक्षित आहे. अपेक्षित म्हटलं, कारण खासगी दवाखाने अजूनही हात आखडता घेतात.

आता आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. डेंग्यूसाठी गल्लीतल्या लॅबमध्ये होते ती झटपट कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह आली, तरी सरकारी हिशेबात तो 'संशयित' रुग्णच. एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीत निघाला तरच पक्का. त्यामुळे सोसायटीत घरोघरी डेंग्यू आणि महापालिकेचा आकडा मात्र जेमतेम, असं दिसतं. दरवेळी ती लपवाछपवीच असते असं नाही.

टीबीचं उलटं. 2012 मध्ये खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक रुग्ण कळवणं बंधनकारक झालं, पुढे टीबीसाठीच्या वेगळ्या सरकारी पोर्टलवर, म्हणजे 'निक्षय'वर, त्यांच्या नोंदी वाढत गेल्या आणि देशाचा आकडा चढला. रोग फोफावला नव्हता, आधी न मोजलेले रुग्ण मोजले गेले. म्हणून नुसती रुग्णसंख्या बघू नका; तपासण्या किती झाल्या आणि त्यातल्या किती टक्के पॉझिटिव्ह निघाल्या, तेही बघा.