वाचकांचे प्रश्न : पानिपतची तारीख आणि हलव्याचे काटे

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवशी झाली असं दरवर्षी वाचायला मिळतं. हे खरं आहे का? (एक वाचक, सांगली)

तारीख बरोबर आहे, सण नाही. त्या दिवशी बुधवार होता, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. संक्रांत त्याआधीच, १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. आजची १४ तारीख तशीच मागे नेली की हा घोटाळा होतो.

संक्रांत तिथीवर ठरत नाही; सूर्य निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेल्या, मकर राशीत शिरतो तेव्हा होते. नक्षत्रांच्या संदर्भात सूर्याची फेरी ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटांची, तर इंग्रजी कॅलेंडरचं सरासरी वर्ष ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांचं. हा वीस मिनिटांचा फरक साचत गेला की साधारण ७२ वर्षांत एक दिवस भरतो. पडताळा घ्यायचा तर स्वामी विवेकानंदांची जन्मतारीख पाहा. १२ जानेवारी १८६३, आणि त्या दिवशी खरोखरच मकर संक्रांत होती.

आता १४ की १५ हा वाद. संक्रमणाची वेळ दरवर्षी सहा तासांनी पुढे जाते आणि २९ फेब्रुवारी आला की एक दिवस मागे येते. सूर्यास्तानंतर संक्रमण झालं तर पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी धरतात. म्हणून २०२५ आणि २०२६ मध्ये १४ तारीख, पण २०२७ आणि २०२८ मध्ये १५. सन २१०० लीप वर्ष नाही, त्यामुळे पुढे संक्रांत १६ जानेवारीवर जाईल.

घरी केलेल्या हलव्याला काटे येत नाहीत, दाणे गुळगुळीतच राहतात. काय चुकतं? (एक वाचक, बेळगाव)

बहुधा पाक पातळ राहतो, किंवा एका वेळी जास्त पडतो. ओला पाक आधीचे काटे विरघळवून टाकतो.

एक वाटी साखरेला अर्धी वाटी पाणी घ्या. उकळी आली की चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढा, पाक गाळून पुन्हा उकळा आणि एकतारी करा. परातीत दोन चमचे तीळ किंवा खसखस अगदी मंद आचेवर ठेवा. अर्धा चमचा पाक सोडून बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवत राहा, आणि दाणे पूर्ण सुटे, कोरडे झाल्यावरच पुढचा अर्धा चमचा सोडा. जोरात चोळलंत तर आलेले काटे मोडतात. आच वाढली तर हलवा पिवळट पडतो. तळाला साखर धरू लागली की दाणे काढून परात पुसून घ्या. तो चुरा पुन्हा पाकात चालतो.

एका बैठकीत हे होत नाही, दोन-तीन दिवस थोडं थोडं करावं. थंड, कोरडी हवा मात्र हवीच. ढगाळ दमट दिवशी पाक वाळत नाही आणि दाणे एकमेकांना चिकटतात.